देवमासा मासा नाही, आणि व्हेल शार्क व्हेल नाही

वेरावळ बंदराकडून एखादा व्हिडिओ आला की आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारच्या ग्रुपवर लगेच मथळा पडतो: 'आपल्या गुजरातेत देवमासा!' व्हिडिओत असतं जाळ्यात अडकलेलं, अंगभर पांढरे ठिपके असलेलं धूड. तो व्हेल शार्क, म्हणजे मुशीच्या गोतावळ्यातला, जगातला सगळ्यात मोठा मासा. घोळ नावांनीच घातलाय, हे कबूल. ज्याच्या नावात मासा तो सस्तन, ज्याच्या नावात व्हेल तो मासा. त्यात व्हेल शार्क वाचवण्याच्या २००४ च्या मोहिमेत कथाकार मोरारी बापूंनी त्याला माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकीची उपमा दिली आणि किनाऱ्यावर 'व्हाली', म्हणजे लाडकी, हे नाव रुजलं. आमच्या मंडळींना 'व्हाली' हा 'व्हेल'चाच गुजराती अवतार वाटतो!

देवमासा बडोदेकरांना नवा नाही. कमाटीबागेतल्या म्युझियममधला निळ्या देवमाशाचा ७० फुटांच्या आसपासचा सांगाडा शाळेच्या सहलीत सगळ्यांनी मान वर करून पाहिलाय. पुढच्या वल्ह्यासारख्या परांमध्ये चक्क बोटांसारखी हाडं आहेत. व्हेल शार्कचा असा सांगाडा मिळायचा नाही, कारण त्याला हाडंच नाहीत, सगळी कूर्चा, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीवरच्या भागासारखी लवचिक. देवमाशाची शेपटी आडवी, शार्कची उभी. 'पिलं देतो म्हणजे सस्तन' ही कसोटी मात्र विसरा. १९९५ साली तैवानजवळ पकडलेल्या व्हेल शार्कच्या मादीच्या पोटात ३०० च्या वर पिलं निघाली होती.

इथवर ठीक. बोटीत बसल्यावर ज्याने फरक पडतो ती गोष्ट वेगळीच आहे: तो प्राणी पाण्याच्या वर येतो कशासाठी?

देवमासा येतो श्वासाला. त्याला फुप्फुसं आहेत, वर येण्यावाचून गत्यंतर नाही. लांब बुडी मारून आला की तो काही वेळ वरच थांबतो, एकामागून एक फवारे सोडतो, पुढच्या बुडीची बेगमी करतो. नेमक्या त्याच वेळी चार बोटी अंगावर आल्या तर तो दम पुरता भरायच्या आत खाली जातो. सोबत पिल्लू असेल तर त्याचं दूध पिणं तुटतं. खाली गेल्यावरही सुटका नाही, कारण देवमासे एकमेकांना आवाजाने धरून असतात आणि इंजिनाची घरघर तोच आवाज बुजवते. म्हणून ऑस्ट्रेलियात बोटीला १०० मीटरच्या आत जायची मनाई आहे आणि ३०० मीटरपासूनच वेग उतरवावा लागतो. जायचं तेही बाजूने, समांतर. समोरून गेलात तर वाट अडवलीत, मागून गेलात तर पाठलाग केलात.

व्हेल शार्कला कल्ले आहेत, त्याचा श्वास पाण्यातच होतो. वर येतो तो बहुधा खायला. तोंड वासून सावकाश प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गाळत असतो, बोटीकडे फारसं लक्ष नसतं, आणि तिथेच घात होतो. बोटीचा पंखा पाठीवरून जातो. कोणी हात लावतं, कोणी शेपटीला लटकायला बघतं. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या निंगालूच्या किनाऱ्याला नियम आहेत ते अंगाशी भिडणारे: त्याच्याजवळ एका वेळी एकच बोट, पाण्यात जास्तीत जास्त १० माणसं, अंगापासून ३ मीटर, शेपटीपासून ४. उलट फिलिपिन्सच्या ओस्लोबला कोळंबीसारखं खाणं टाकून त्यांना बोटीशी आणतात. जनावर बोट दिसली की जवळ यायला शिकतं, मग ती बोट कोणाचीही असो. मी तरी त्याला सर्कस म्हणतो.

तेव्हा 'देवमाशासोबत पोहायचं पॅकेज कितीला?' असं मला विचारू नका. आणि हो, कोकणात दिसणारा डॉल्फिन हा देवमाशाच्याच खात्यातला, त्यालाही श्वासाला वर यावंच लागतं. तिथे 'काका, दोनशे जास्त घ्या पण जवळ न्या' म्हणणारे बहुतेक वेळा आपलेच असतात. गेल्या खेपेला आमच्याच बोटीतून ही बोली लागली. नावाड्याने सुकाणू वळवलं, डॉल्फिनच्या पाठी दोनदा दिसल्या आणि पुढचा अर्धा तास आम्ही सपाट पाण्याचे फोटो काढले.

त्यातलाच एक फोटो ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, 'व्हेल शार्क, थोडक्यात हुकला.'