‘बॉर्डरवरची’ साखर आणि स्नायूंचे काम

रक्ततपासणीत उपाशीपोटीची साखर ११२ आली, की एक तर ‘अजून मधुमेह नाही ना, मग कशाला काळजी’ असे म्हणून अहवाल कपाटात जातो, नाही तर त्याच दिवसापासून गोड पदार्थ वर्ज्य होतात. यांतला दुसरा मार्ग पहिल्यापेक्षा बरा असला, तरी दोन्हींमध्ये मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. रक्तातील साखर थोडी वाढलेली दिसू लागण्याच्या कितीतरी आधीपासून स्नायू, यकृत आणि स्वादुपिंड यांच्यातील ताळमेळ बिघडत आलेला असतो, आणि पूर्वमधुमेह, म्हणजेच ही ‘बॉर्डरवरची’ साखर, हे त्या बिघाडाचे उशिरा दिसलेले चिन्ह असते.

आधी आकडे पाहू. उपाशीपोटीची साखर दर डेसिलीटरला १०० ते १२५ मिलिग्रॅम, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा अंदाज देणारी चाचणी) ५.७ ते ६.४ टक्के, यांपैकी काहीही आढळले तर अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषांनुसार तो पूर्वमधुमेह ठरतो. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीच्या साखरेसाठी ही सीमा १०० ऐवजी ११० धरते. म्हणजे १०४ आकडा आलेली व्यक्ती एका निकषाने पूर्वमधुमेही आणि दुसऱ्याने निरोगी ठरते. धोका मात्र सलग वाढत जातो, तो एखाद्या आकड्यापाशी अचानक सुरू होत नाही. त्यामुळे ९९ आणि १०१ यांतील फरकावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही.

जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज वाढले, की स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. त्याच्या इशाऱ्याने स्नायू आणि चरबीच्या पेशी ग्लुकोज आत घेतात, आणि यकृत स्वतः ग्लुकोज तयार करून रक्तात सोडणे कमी करते. पोटाभोवती, यकृतात आणि स्नायूंमध्ये चरबी साठत गेली आणि शरीराची हालचाल कमी झाली, की हा इशारा या पेशींना पूर्वीइतका पोहोचत नाही. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. स्वादुपिंड मग अधिक इन्सुलिन सोडून उणीव भरून काढते, आणि म्हणूनच वर्षानुवर्षे अहवालातील साखर ‘नॉर्मल’ दिसत राहते. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घकालीन ‘व्हाइटहॉल’ अभ्यासातून २००९ मध्ये या घसरणीचा कालक्रम समोर आला. पुढे ज्यांना मधुमेह झाला, त्यांच्यात निदानाच्या सुमारे पाच वर्षे आधीपासून शरीराची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता वेगाने घटत होती. निदानाआधीच्या चौथ्या ते तिसऱ्या वर्षाच्या दरम्यान स्वादुपिंडाने जोर वाढवून पाहिला, आणि त्यानंतर तेही मागे पडले. उपाशीपोटीच्या साखरेने उसळी घेतली ती शेवटच्या सुमारे तीन वर्षांत.

बीटा पेशींची गेलेली ताकद पूर्णपणे परत मिळवणे अवघड असते, म्हणून त्यांच्यावरील भार लवकर हलका करणे महत्त्वाचे ठरते. इथे स्नायूंचे काम पुढे येते. इन्सुलिनच्या प्रभावाखाली रक्तातून उचलल्या जाणाऱ्या ग्लुकोजचा सर्वांत मोठा वाटा स्नायू घेतात. स्नायूंच्या पेशींमध्ये ‘ग्लुट-४’ नावाचे वाहक प्रथिन असते. इन्सुलिनचा इशारा मिळाला की ते पेशीच्या आवरणावर येते आणि ग्लुकोजला आत येण्याची वाट करून देते. विशेष म्हणजे स्नायू आकुंचन पावू लागले, की हेच वाहक इन्सुलिनच्या इशाऱ्याशिवायही वर येतात. इन्सुलिनला दाद न देणारा स्नायूही चालताना साखर उचलतो, तो यामुळेच. जेवणानंतर थोडा वेळ चालले तर साखरेची चढण कमी होते, त्यामागेही हीच यंत्रणा आहे. व्यायामाने वाढलेली संवेदनशीलता साधारण एक-दोन दिवस टिकते, म्हणून आठवड्याचा सगळा व्यायाम रविवारी उरकण्यापेक्षा तो विभागून करावा आणि सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये. चालण्याच्या जोडीला वजन उचलणे किंवा बैठकांसारखे ताकदीचे व्यायामही हवेत, कारण वयाबरोबर स्नायूंचे वस्तुमान घटत जाते.

याचा प्रत्यक्ष उपयोग किती? अमेरिकेतील २७ केंद्रांवर ३,२३४ जणांवर झालेल्या ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’चे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. वजन सात टक्क्यांनी घटवणे आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे शारीरिक हालचाल करणे, एवढेच उद्दिष्ट त्यातील एका गटाला दिले होते; म्हणजे ८० किलोच्या व्यक्तीने साडेपाच किलो कमी करायचे. सरासरी २.८ वर्षांत या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले, तर मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील औषध घेणाऱ्यांमध्ये ३१ टक्क्यांनी. साठी ओलांडलेल्यांमध्ये जीवनशैलीचा लाभ याहूनही अधिक होता. चीनमधील दाचिंग येथे १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात फक्त सहा वर्षे मार्गदर्शन दिले गेले होते, तरी तीस वर्षांनंतरच्या पाहणीत मधुमेह जवळपास चार वर्षे लांबलेला आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झालेले आढळले. हे आकडे सरासरीचे आहेत, हे मात्र विसरू नये. सगळे नियम पाळूनही काहींना मधुमेह होतो, आणि त्यासाठी त्यांनाच दोषी धरणे अन्यायाचे आहे, कारण आनुवंशिकतेचा वाटा कोणाच्या हाती नसतो.

आहाराबाबत मी थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त बोलले जाते. साखर घातलेली पेये बंद करणे, हा सर्वांत सोपा बदल आहे. त्यानंतर भाज्या, कडधान्ये आणि अख्खी धान्ये यांचा वाटा वाढवून एकूण उष्मांक आटोक्यात ठेवावेत. कोणत्याही एका पदार्थाने पूर्वमधुमेह ‘बरा’ होत नाही. अपुरी झोप आणि धूम्रपान यांनीही इन्सुलिन रेझिस्टन्स वाढतो, पण आहाराच्या चर्चेत हे दोन्ही विषय बहुधा मागे पडतात.

पूर्वमधुमेहाची सहसा कोणतीही लक्षणे नसतात, म्हणून वर्षातून एकदा तपासणी करावी. त्यात एचबीए१सीवर डोळे झाकून विसंबू नये. ही चाचणी तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला किती ग्लुकोज चिकटले आहे हे मोजते, आणि या पेशी साधारण १२० दिवस जगतात. लोहाच्या कमतरतेमुळे आलेल्या रक्तक्षयात हा आकडा खोटा वाढलेला, तर रक्तस्रावानंतर किंवा तांबड्या पेशी लवकर नष्ट करणाऱ्या आजारांत खोटा कमी दिसू शकतो. अशा वेळी डॉक्टर उपाशीपोटीची आणि ग्लुकोज प्यायल्यानंतरची साखर तपासून निर्णय घेतात. तरुण वयातील अतिस्थूल व्यक्तींना किंवा गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रियांना ते व्यायाम आणि आहाराच्या जोडीला मेटफॉर्मिनही सुचवू शकतात.