शंका विचारली, ऐकू आली शंका घेतल्यासारखी

ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमधून रात्रपाळीत लंडन-शिकागोशी बोलणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: उच्चार सुधारा, समोरच्याला सगळं कळेल. ठाण्यातल्या क्लासांच्या जाहिरातीही हेच सांगतात. पण उच्चार स्वच्छ असला तर घोटाळा उलट पक्का होतो. ऐकणाऱ्याला शब्द नीट कळतो आणि अर्थ तो आपल्या देशातला लावतो.

‘आय हॅव अ डाउट’ घ्या. आपल्याला काहीतरी विचारायचं असतं. लंडनच्या माणसाला वाटतं, माझं म्हणणं यांना पटलेलं नाही. याचं मूळ मराठीत सापडतं. ‘शंका’ या एकाच नामात दोन अर्थ नांदतात आणि त्यांची फोड क्रियापद करतं. शंका ‘विचारली’ तर प्रश्न, शंका ‘घेतली’ तर अविश्वास. वर्गात शंका विचारणाऱ्या मुलाचं कौतुक होतं. सोसायटीच्या हिशेबावर शंका घेणाऱ्याशी भांडण होतं. इंग्रजीत बोलताना आपण ‘शंका’च्या जागी ‘डाउट’ ठेवतो, पण ‘विचारणे’ आणि ‘घेणे’ दोन्ही मागेच राहतात. त्यांच्या जागी एकटं ‘हॅव’ येतं, म्हणजे फोड करणारा भागच गळतो. शब्द परका, अर्थाचा पसारा घरचा. तमिळमधल्या ‘संदेहम्’चाही वापर असाच दुहेरी आहे, त्यामुळे हा ‘डाउट’ दक्षिणेतही सहज रुळला. भारतातल्या भारतात तो बिनचूक चालतो, म्हणून त्याला अशुद्ध म्हणणं मला मान्य नाही. परदेशी ईमेलमध्ये मात्र ‘क्वेश्चन’ लिहावं.

‘रिव्हर्ट’ जास्त महागात पडतो. आपल्या कचेऱ्यांत ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर द्या. प्रोग्रॅमरच्या लेखी रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल उलटवणं. कोडमधल्या बदलाविषयीच्या मेलखाली हे दोन शब्द लिहिले, तर अमेरिकेतला सहकारी चांगलं चाललेलं काम मागे घेऊ शकतो. तिथे ‘रिप्लाय’च हवं.

इंग्रज आणि अमेरिकनही एकमेकांना अडखळतात. ठराव ‘टेबल’ करणं म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणं, अमेरिकेत बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात या शब्दावरून दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांचा लांबलचक वाद झाल्याचं चर्चिल यांनी नोंदवलं आहे. दोघांनाही तो विषय लगेच चर्चेला हवा होता.

वेळेचंही तसंच. ब्रिटिश माणसाचं ‘हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसात. जर्मन सहकारी मात्र ते साडेसहा समजू शकतो, कारण त्याच्या भाषेत ‘हाल्ब झीबेन’ म्हणजे सहा तास पूर्ण आणि सातवा अर्धा. हा हिशेब आपल्याला विचित्र वाटायला नको. आपलं ‘अडीच’ संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून आलं: दोन पूर्ण, तिसरा अर्धा. ‘साडेसात’ एका पद्धतीचं, ‘अडीच’ दुसऱ्या, आणि मराठी माणूस दोन्ही न गोंधळता वापरतो. मीटिंगच्या निमंत्रणात मात्र आकड्यांत १९:३० लिहावं, आणि ही वेळ कोणत्या शहराची तेही.