चटणी, मीठ आणि पासवर्ड

परवा भाच्याचा रिझल्ट बघायला इथल्याच एका क्लासची साइट उघडली तर पासवर्ड आठवेना. 'फरगॉट पासवर्ड' दाबलं आणि दोन मिनिटांत मेल आला, त्यात पासवर्ड जसाच्या तसा छापलेला. भाचा खूश, "भारी सर्व्हिस हाय की मामा!" माझं मात्र डोकं फिरलं.

बहुतेकांना वाटतं की सर्व्हरकडं आपला पासवर्ड लिहून ठेवलेला असतो, त्याशिवाय तो ओळखणार कसा? पण नीट बांधलेल्या साइटकडं तो नसतोच. डेटाबेसच्या टेबलात तुमच्या नावापुढं असतो त्याचा हॅश, म्हणजे पासवर्डावर गणित करून काढलेली अक्षरा-आकड्यांची ओळ.

हॅश म्हणजे आमच्याकडची चटणी समजा (पुणेकरांसाठी: कांदा-लसूण मसाला). उन्हाळ्यात मिरची डंकावर नेऊन कांडून आणली की त्या चटणीतनं परत अख्खी मिरची कोण काढून दाखवणार? फरक एवढाच की घरची चटणी दोन वर्षं एकसारखी होत नाही, आणि हॅश मात्र त्याच पासवर्डाचा दरवेळी अक्षर न अक्षर तोच येतो, पासवर्डातलं एक अक्षर बदललं तर पार वेगळा. म्हणून लॉगिनला सर्व्हर तुम्ही टाइप केलेलं पुन्हा कांडतो, टेबलातल्याशी ताडून बघतो, जुळलं की आत.

गोम पुढं आहे. हजार जणांनी १२३४५६ ठेवला तर हजारांचा हॅश सेम, म्हणजे टेबल चोरीला गेलं की नेहमीच्या पासवर्डांचे आधीच कांडून ठेवलेले हॅश लावून बघायचे, एक सापडला की हजार सापडले. २०१२ मध्ये लिंक्डइनचे ६५ लाख हॅश बाहेर आले ते असेच अळणी होते. अळणी म्हणजे खरंच, कारण यावरच्या उपायाचं नावच सॉल्ट. प्रत्येक युजरसाठी वेगळी रँडम अक्षरं पासवर्डात मिसळायची आणि मग कांडायचं, की एकाच पासवर्डाची दोन घरची चटणी वेगळी. ही आयडिया रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या लेखात मांडली, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी. आणि मीठ लपवायचं नसतं, ते हॅशच्या शेजारीच उघडं ठेवतात!

पण चोराचं ग्राफिक्स कार्ड अंदाजानं घेतलेल्या पासवर्डांचे साधे हॅश सेकंदाला अब्जावधी काढतं, मग मीठ असून काय उपयोग? म्हणून १९९९ मध्ये प्रोव्होस आणि माझिएर यांनी बीक्रिप्ट आणलं, हॅश काढायची एक पद्धत, जिची खुबीच ही की ती मुद्दाम हळू आहे. त्यात कॉस्ट नावाचा आकडा असतो, १२ ठेवला तर दोनाचा बारावा घात म्हणजे ४०९६ फेऱ्या, आकडा एकानं वाढवला की काम दुप्पट. समजा एका हॅशला पाव सेकंद लागतो. तुम्हाला लॉगिनला ते कळतही नाही, पण चोराला छोटी अक्षरं आणि आकडे मिळून आठ अक्षरी रँडम पासवर्ड सगळे तपासायचे तर त्याच वेगानं २२ हजार वर्षं. जन्मतारीख ठेवली असेल तर मात्र ८० वर्षांतल्या तारखा जेमतेम २९ हजार, दोन तासांत खलास, तिथं बीक्रिप्ट तरी काय करणार. आणि अंकशास्त्रवाल्याला विचारून, एक आकडा उरेपर्यंत बेरीज करत गेलं की नऊ येणारा पिन ठेवणाऱ्यांनी तर चोराचं काम नवव्या हिश्श्यावर आणून ठेवलेलं असतं.

मी शहाणपणा शिकवतोय, पण पहिल्यांदा स्वतः केलं तेव्हा टेबलात पासवर्डचा कॉलम ५० अक्षरांचा ठेवला होता. बीक्रिप्टची ओळ असते ६० ची: आधी व्हर्जन आणि कॉस्टची सात, मग मिठाची २२, मग हॅशची ३१. डेटाबेसनं शेवटची दहा गुपचूप कापली, एरर पण नाही. नोंदणी सगळ्यांची झाली आणि लॉगिन एकाचंही होईना, मी रंकाळ्यावर भेळ खात बसलेलो आणि फोनवर फोन. रात्री दीडला कॉलम २५५ चा केला, तरी सगळ्यांना परत नोंदणी करायला लावावीच लागली, कारण कापलेली दहा अक्षरं पुन्हा काढायला मूळ पासवर्ड लागतात, आणि ते माझ्याकडं नव्हतेच.