‘याला धारवाडला न्या’: सीमाभागातल्या बोलण्यातलं वेड आणि त्यामागचे कायदे

सीमाभागात कुणी विचित्र वागलं की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, ‘हुच्च झालास काय?’ हुच्च म्हणजे वेडा. शब्द कन्नडचा, पण बेळगाव-निपाणीच्या मराठीत इतका मुरलेला की कुणाला तो परका वाटत नाही. दुसरं, ‘याला धारवाडला न्यायला पाहिजे,’ म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. पहिल्यावर समोरचा हसतो, उलट सुनावतो. दुसऱ्यावरही बहुतेकजण हसतात. पण ज्याच्या घरातलं कुणी खरोखरच धारवाडला जाऊन आलंय तो विषय बदलतो.

मानसिक आजाराचे रोजच्या तोंडातले शब्द तो आजार असणाऱ्यांना, म्हणजे कायद्याच्या भाषेत अपंग ठरणाऱ्यांना, अपमानाचे वाटतात का, हा वाद इथं अलीकडे पोचला. ‘परदेशी खूळ’ म्हणून तो झटकलाही जातो. (झटकताना ‘खूळ’च आठवतं, हेही आहेच.) पण या शब्दांना धार कुठून आली हे बघायचं तर परदेशात जायची गरज नाही. बेळगावपासून पाऊणशे किलोमीटरवर धारवाड आहे, तिथवर गेलं तरी पुरे.

धारवाडचं मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकातलं, मुंबई इलाख्याच्या काळातलं. बेळगाव जिल्हाही १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मुंबईकडेच होता. पुण्याकडची माणसं ‘येरवडा’ म्हणतात, कोकणात ‘रत्नागिरी’ म्हणतात, तसं इकडं धारवाड. गाव विद्येचं, संगीताचं आणि पेढ्यांचं. पण चेष्टेत मात्र ते दवाखान्याच्या नावानंच राहिलं.

तिथं माणूस पोचायचा कसा? १८५८च्या कायद्यानं वेड्यांच्या इस्पितळांची व्यवस्था लावली आणि मोकाट फिरणाऱ्या वेड्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं काम पोलिसांवर टाकलं. १९१२चा भारतीय वेडेपणा कायदा त्याच वाटेनं गेला. म्हणजे माणूस आजारी पडायचा आणि दारात यायचा शिपाई. १९२०च्या सुमारास सरकारनं ‘वेड्यांचं इस्पितळ’ ही पाटी काढून ‘मानसिक रुग्णालय’ लावली. दाराला कुलूप होतं तसंच राहिलं. मला वाटतं, ‘धारवाड’ या साध्या गावाच्या नावाला जी भीती चिकटली ती इथली आहे. शब्दकोशात ती सापडणार नाही.

बाकीचं काम इतर कायद्यांनी केलं. १८७२च्या करार कायद्यात मन ठिकाणावर नसलेल्याचा करार ग्राह्य नाही. घटनेनंही याच कारणावरून मतदारयादीतून नाव वगळायची मुभा ठेवली. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानं वधू-वर ‘जडबुद्धी किंवा वेडे’ नसावेत अशी अट घातली. ही शब्दयोजना १९७६ साली बदलली. त्याच कायद्यात फेफरंही वेडाच्या झटक्यांच्या पंगतीला बसवलं होतं, ते निघायला १९९९ उजाडलं. फिट येणाऱ्या मुलीला ‘येडी’ म्हणणारं गाव अडाणी ठरवणं सोपं आहे, पण तोवर कायदाही फार वेगळं काही म्हणत नव्हता. स्थळ पाहताना ‘घरात कुणाला काही नाही ना?’ असं विचारतात तेव्हा त्या ‘काही’मध्ये हे सगळं येतं. म्हणून तर कितीतरी घरं धारवाड टाळून मिरज नाहीतर कोल्हापूर गाठतात. औषध तेच, फक्त एसटीत ओळखीचं कुणी भेटत नाही.

आता दुसरी बाजू. मराठीत वेड हा काही निव्वळ शिवीचा शब्द नाही. गडहिंग्लज तालुक्यातलं नेसरी इथून जवळच. फेब्रुवारी १६७४ मध्ये प्रतापराव गुजर मोजक्या स्वारांनिशी तिथं बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. ते वेड आपण अभिमानानं सांगतो. पोराला ‘खुळ्या’ म्हणणारी आजी त्याच्या आजाराबद्दल काही बोलत नसते. हे सगळे शब्द एका झाडूनं लोटून टाकायचे म्हटलं तर बोलीच अर्धी होईल. उलट दवाखान्यातून आलेला सभ्य शब्द बघा. ‘मेंटल’ हा वेडाच्या जुन्या शब्दांना पर्याय म्हणून पाटीवर आला आणि आज शाळेच्या मैदानात पोरं एकमेकांना तीच शिवी देतात. ‘मतिमंद’चंही तेच. एके काळी तो शाळांच्या नावात आदरानं लिहिला जायचा, आता पालकांना तो ऐकवत नाही आणि कायदा ‘बौद्धिक अक्षमता’ म्हणतो.

आजाराला आजार न म्हणण्याची एक तिसरी रीतही इथं आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माचा डोंगर याच जिल्ह्यात. केसांत जट झाली, बाई एकटीच बडबडू लागली, की ‘देवीचं आहे’ किंवा ‘बाहेरचं आहे’ असं म्हणतात. यात अपमान कमी होतो, हे खरंच. बाईला कुणी हुच्च म्हणत नाही. पण डॉक्टरची गाठ पडायला वर्षं जातात. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता, आणि बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. सगळा दोष शब्दांचा नाही. दवाखाने आणि डॉक्टरही कमी आहेत. पण नाव पडेल या भीतीचा त्यात वाटा मोठा आहे.

कायद्याची भाषा सुधारू लागली ती उशिरा. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ‘वेडा’ काढून ‘मानसिक आजारी व्यक्ती’ आणलं, तोही लागू झाला १९९३ साली. १९९५च्या अपंग कायद्यानं मानसिक आजार अपंगत्वात धरला. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आले आणि कलम ९२ ही आलं: अपंग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून पाणउतारा केल्यास सहा महिने ते पाच वर्षं कैद. घरातल्या ‘खुळ्या’ला हे लागत नाही, चावडीवर ठरवून केलेल्या टिंगलीला लागू शकतं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी केली.

नावांचा गोंधळ मात्र सीमाभागात दुप्पट आहे. मराठी पेपरात २०१५ नंतर ‘दिव्यांग’ आलं. कर्नाटकच्या कचेरीच्या पाटीवर ‘विकलचेतन’ असतं. घरात अजून ‘अपंग’. बेळगाव म्हणायचं की बेळगावी, यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडलेला हा मुलूख. आपलं नाव दुसऱ्यानं ठरवलं की काय वाटतं हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तरी ‘दिव्यांग’ शब्द आला तेव्हा अपंगांच्या संघटनांनीच त्याला विरोध केला होता, याची इथं फारशी चर्चा झाली नाही.

आजार असलेल्यांचंही एकमत नाही. १९९३ साली टोरांटोत मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्यांनी मोर्चा काढला. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीनं ‘वेडे’ हाच शब्द अभिमानानं मिरवला. जपानमध्ये उलट, रुग्णांच्या कुटुंबीयांच्या मागणीवरून २००२ साली स्किझोफ्रेनियाचं नावच बदललं. दोन्हीकडं मागणी आतून आली होती. आपल्याकडं पाट्या बदलल्या त्या वरून.

८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटांतल्या अपंगांच्या चित्रणावर निकाल दिला. अपंगांना समजून घेणारा विनोद वेगळा आणि त्यांना खाली दाखवणारा विनोद वेगळा, असा फरक त्यात केला आणि त्यांच्याबद्दल ठरवताना त्यांना सोबत घ्या असंही सांगितलं. त्याच्या आठवडाभर आधी, १ जुलैला, भारतीय न्याय संहिता लागू झाली होती. तिच्या पहिल्या मसुद्यात ‘मानसिक आजार’ हा शब्द होता. संसदीय समितीनं तो फार व्यापक ठरवला, आणि अशा अवस्थेत केलेल्या कृत्याला गुन्हा न धरणाऱ्या कलम २२ मध्ये १८६०च्या दंडसंहितेतला ‘मनोविकल’ पुन्हा आला.