डोमेन घेऊन ठेवलं तर भाव वाढतो का?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी सुरू झाल्यापासून आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडच्या ऑफिसात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. "कुंभ, नाशिक, त्र्यंबक असे शब्द जोडून दहा-वीस नावं आत्ताच घेऊन ठेवू का? पुढे भाव येईल ना?" डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, विकणं हा आमच्या धंद्याचाच भाग. तुम्ही वीस नावं घेतलीत तर आमची वीस बिलं होतात. तरी बहुतेकांना आम्ही 'नको' म्हणतो. त्याची कारणं एकदा लिहूनच ठेवावीत म्हटलं, म्हणजे दर वेळी समजावताना चहा गार होणार नाही.

प्लॉट नव्हे, भाडेपट्टा

डोमेनला "इंटरनेटवरचा प्लॉट" म्हणायची पद्धत पडली आहे. गंगापूर रोडला ज्यांच्या वडिलांनी वेळेवर जागा घेऊन ठेवली, त्यांना ही उपमा लगेच पटते. पण डोमेनला सातबारा नसतो. नाव तुमच्या मालकीचं होत नाही, ठरावीक मुदतीसाठी तुमच्या नावावर नोंदलं जातं, आणि ती मुदत एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची. सातपूर-अंबडला एमआयडीसीचा प्लॉटही लीजवरच मिळतो, पण ती लीज ९५ वर्षांची! जमीन पडीक ठेवली तरी जागच्या जागी राहते. पडीक डोमेन दरसाल पैसे खातं, आणि द्यायचे थांबलात की हातातून जातं.

भाडंही वाढत राहतं. डॉट कॉमचा कारभार व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीकडे आहे. तिचा एका नावाचा वर्षाचा घाऊक दर २०१२ पासून ७.८५ डॉलर होता. २०२१ ते २०२४ या काळात दरवर्षी सुमारे ७ टक्के वाढ होऊन तो १०.२६ डॉलरवर गेला. त्यावर रजिस्ट्रारचा, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीचा नफा, डॉलरचा भाव आणि १८ टक्के जीएसटी. डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर अशा नव्या एक्सटेन्शनांची गोष्ट तर आणखी वेगळी. पहिलं वर्ष ९९ रुपयांत, दुसऱ्या वर्षी बिल हजारांत. जाहिरात घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगतो, आधी रिन्यूअलचा दर विचारा.

मग कोट्यवधींना विकली जातात ती?

जातात, खोटं नाही. व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला विकलं गेलं. चॅट डॉट कॉम २०२३ मध्ये १ कोटी ५५ लाख डॉलरला गेलं, आणि ते आता चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयच्या हाती असल्याचं पुढच्या वर्षी उघड झालं. बिझनेस डॉट कॉम तर दीड लाख डॉलरला घेऊन १९९९ मध्ये ७५ लाखांना विकलेलं.

पण ही नावं नीट पाहा. इंग्रजीतला रोजच्या वापरातला एकेकच शब्द, आणि पुढे डॉट कॉम. पहिलं डॉट कॉम १५ मार्च १९८५ रोजी नोंदलं गेलं, आणि असले शब्द नव्वदच्या दशकातच बहुतेक संपले. आज तुम्हाला जे नाव मोकळं सापडतं, ते बहुधा इतकी वर्षं कोणालाच घ्यावंसं वाटलेलं नसतं. बिझनेस डॉट कॉमचा पुढचा भाग कोणी सांगत नाही. २००७ मध्ये ते सुमारे साडेचौतीस कोटी डॉलरला गेलं खरं, पण ती किंमत नुसत्या नावाची नव्हती, चालत्या कंपनीची होती. घेणारी कंपनी दोन वर्षांत दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोचली.

दुसरी अडचण बाजाराची. लासलगावला कांदा नेला तर भाव पडलेला असेल, पण लिलाव होतो आणि माल जातो. डोमेनला असं मार्केट यार्ड नाही. तुमच्याच नावासाठी अडून बसलेला एखादा माणूस यावा लागतो, आणि तो कधी येईल हे तुमच्या हातात नसतं. या धंद्यात मुरलेले लोकसुद्धा शंभर नावांतली एक-दोनच वर्षाला विकली जातील असं धरून चालतात. आता हिशेब करा. वीस नावं, प्रत्येकी सगळं धरून १,२०० रुपये, म्हणजे वर्षाला २४,००० रुपये. शंभरात एक या प्रमाणात वीसातलं एक नाव विकायला पाच वर्षं लागतील, तोवर खर्च १,२०,०००. विक्रीच्या वेबसाइटचं कमिशन साधारण १५ ते २० टक्के. म्हणजे ते एक नाव दीड लाखाला गेलं, तर कुठे तुम्ही जिथे होतात तिथेच परत आलात. तेच पैसे बँकेत ठेवले असते तर निदान व्याज आलं असतं.

कुंभाच्या नावांना तर मुदतही आहे. नावात '२०२७' असेल तर मेळा उठला की ते नाव संपलं. नुसतं 'कुंभ' असेल तर पुढच्या गिऱ्हाइकासाठी बारा वर्षं भाडं भरत बसा. कोरोनाच्या काळात मास्क-सॅनिटायझरची नावं आमच्याकडून हौसेने नेलेल्यांपैकी एकानेही ती पुढे रिन्यू केली नाहीत.

दुसऱ्याचं नाव अडवू नका

दिल्लीतल्या एका तरुणाने २०२३ मध्ये जिओहॉटस्टार डॉट कॉम घेऊन ठेवलं. त्याचा अंदाज अगदी बरोबर ठरला, रिलायन्सचं जिओसिनेमा आणि हॉटस्टार खरोखर एकत्र आले. त्याने केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला, पण रिलायन्सकडून तो मिळाला नाही. नाव दुबईतल्या दोन भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट देत असल्याचं जाहीर केलं. ट्रेडमार्क दुसऱ्याचा असला की अचूक अंदाजही कामाला येत नाही. डोमेनला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात स्पष्ट केलंय. डॉट इनसाठी तर वाद सोडवण्याची वेगळी लवाद-पद्धत आहे.

मग घ्यायचं काय?

तुमच्या दुकानाचं, दवाखान्याचं, वायनरीचं नाव. ते आजच घ्या, यात वाद नाही. डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही मिळाली तर उत्तम. आपल्या गावाची एक खास गंमत लक्षात ठेवा. नाशिकचं इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांनी लिहितात, एच घालून आणि जुन्या पद्धतीने एच न घालता. नावात गाव असेल तर दोन्ही घ्या, एक दुसऱ्याकडे वळवून देऊ. येवल्याच्या पैठणीवाल्यांनाही हेच सांगतो, गिऱ्हाईक पैठणी चार प्रकारे टाइप करतं. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतंय. ते हौसेने जरूर घ्या, पण व्हिजिटिंग कार्डावर एकटं छापू नका. इंग्रजी कीबोर्डवर बोट ठेवून बसलेला माणूस ते टाइप करत नाही.

दहा वर्षं चालवलेल्या धंद्याच्या डोमेनला किंमत येते, हे खरं. ती गिऱ्हाइकांच्या तोंडात बसलेल्या नावाची असते. नुसतं जुनं झालं म्हणून गूगल कोणाला वर नेत नाही.

तीन फसवणुकी आमच्या ग्राहकांकडे वरचेवर येतात. "तुमचं डोमेन पाच हजार डॉलरला घेतो, फक्त आधी आमच्या माणसाकडून मूल्यांकनाचा दाखला घ्या." दाखल्याचे पैसे भरलेत की गिऱ्हाईक गायब. "चीनमध्ये कोणीतरी तुमचं नाव नोंदवतंय, त्वरित कळवा." कळवू नका. आणि तिसरी, रिन्यूअलच्या बिलासारखं दिसणारं भलत्याच कंपनीचं पत्र. शंका आली तर पैसे भरण्याआधी आम्हाला फोन करा.

तारीख चुकलीच तर घाबरू नका, पण उशीरही करू नका. डॉट कॉमची मुदत संपल्यावर रजिस्ट्रारप्रमाणे काही दिवस नेहमीच्या दरात नाव परत मिळतं. नंतरचे ३० दिवस दंडासकट मिळतं, मग ५ दिवस काहीच करता येत नाही आणि शेवटी ते कोणालाही खुलं होतं. चांगलं नाव रजिस्ट्रार त्याआधीच लिलावात काढू शकतो.

डोमेन नक्की कोणाच्या नावावर आहे, हेही तपासा. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने ते स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं असतं, तो पुण्याला नोकरीला जातो आणि मालकाला स्वतःच्याच दुकानाची किल्ली सापडत नाही. अशी दोन प्रकरणं गेल्या वर्षी आम्ही निस्तरली.

घेऊन ठेवलेल्या नावांची यादी घेऊन या. कुठलं ठेवायचं, कुठलं सोडायचं ते सोबत बसून बघू, त्याचे पैसे घेत नाही. पासवर्ड मात्र आणू नका, आम्हालाही सांगू नका.