समुद्र नाही, तरी पाणी खारं

१९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा वऱ्हाडातल्या लोकांना समुद्रकाठी जायची गरजच पडली नाही. अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला विहिरीचं खारं पाणी आटवून त्यांनी मीठ काढलं आणि कायदा मोडला. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर, आणि गाव समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरहून उंच. मग हे मीठ आलं कुठून?

हा सगळा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतली आठशेहून जास्त गावं त्यात येतात. 'इथं आधी समुद्र होता' असं पुष्कळ जण सांगतात, पण मातीचा अभ्यास वेगळंच सांगतो.

कोकणात किनाऱ्याजवळची विहीर खारी होते ती खरोखर समुद्रामुळे. तिथं जमिनीखाली गोडं पाणी हलकं म्हणून वर असतं आणि समुद्राचं जड पाणी त्याच्याखाली. गोड्या पाण्याची पातळी उपशानं १ मीटर उतरली, की खालचं खारं पाणी जवळपास ४० मीटर वर सरकू शकतं. उपसा थांबवून पावसाचं पाणी मुरवलं, तर ते हळूहळू मागं हटतं.

पूर्णेकाठी गोष्ट उलटी आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचली आणि त्या खोलगटात नदीनं गाळ भरला. हा गाळ काही ठिकाणी ३०० मीटरपेक्षाही जाड आहे. आजूबाजूचा काळा खडक झिजताना त्यातले क्षार पाण्यात उतरतात. एरवी ते नदीवाटे वाहून गेले असते. पण इथं जमीन जवळजवळ सपाट, माती चिकण, पाऊस बेताचा आणि ऊन मात्र भयंकर. पाणी उडून जातं, पिकं पिऊन घेतात, क्षार मागं राहतात. हजारो वर्षं हेच चाललं आहे.

त्यातही खरा घोळ सोडियमचा आहे. कॅल्शियम चुनखडीचे खडे होऊन मातीत बसतं. वावरात पांढरे खडे दिसतात ना, ते हेच. मागं उरलेला सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटतो आणि कण एकमेकांपासून सुटे होतात. घरी करून पाहता येईल: चोपण, म्हणजे सोडियममुळे बिघडलेल्या वावरातलं वाळलेलं ढेकूळ पावसाच्या पाण्यानं भरलेल्या काचेच्या ग्लासात अलगद सोडा. ढेकळाभोवती आधी धुरकट कडं तयार होतं, मग सगळं पाणी गढूळ होतं आणि दुसऱ्या दिवशीही निवळत नाही. हेच सुटे कण वावरात मातीची छिद्रं बुजवतात. मग पावसाचं पाणी खाली मुरत नाही आणि साचलेलं मीठ धुऊनही निघत नाही.

म्हणून या पट्ट्यात बोअरवर खर्च करणं मला चुकीचं वाटतं. खोल गेलं तरी पाणी खारंच लागतं आणि तेच पिकाला दिलं की चांगलं वावर चोपण होतं. जिप्सम हे कॅल्शियम असलेलं खनिज टाकल्यानं कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि माती मोकळी होते, पण सुटलेला सोडियम धुऊन काढायला गोडंच पाणी लागतं. पिण्यासाठीही वाण धरणाचं पाणी नळानं आणावं लागलं; ८४ खेडी योजना त्यातलीच. ज्या घरात वर्षानुवर्षं डाळ नीट शिजली नाही, त्या घराला या नळाचं मोल कोणी सांगायला नको.

शेतीसाठी मात्र उपाय आभाळातूनच येतो. पाऊस मातीत शिरून खारट व्हायच्या आधीच वर अडवायचा. जी चिकणमाती पाणी मुरू देत नाही, तीच शेततळ्यात पाणी धरून ठेवते. बऱ्याच वावरांत तळाशी प्लास्टिकचा कागदही अंथरावा लागत नाही. त्या पाण्यावर हरभऱ्याला फुलोऱ्याच्या वेळी एक ओलित निघालं, तरी पीक हाती लागतं.