भाड्याच्या घरासाठी वॉशिंग मशीन घेताय? आधी मोरी बघून या

(सांगली, मिरज, कुपवाड भागातल्या आमच्या ग्राहकांसाठी)

जून लागला की दुकानात एकच प्रश्न सुरू होतो, "खोली भाड्याची आहे, छोटी मशीन पाहिजे, कुठली देता?" वालचंद कॉलेजात ॲडमिशन घेतलेली मुलं, मिरजेच्या हॉस्पिटलात नोकरीला लागलेल्या सिस्टर, बदली होऊन आलेले बँकवाले, नवीन संसार मांडलेली जोडपी, सगळ्यांची अडचण थोड्याफार फरकाने तीच. करार अकरा महिन्यांचा, भिंतीला भोक पाडलेलं घरमालकांना चालत नाही, आणि पुढच्या वर्षी कुठे राहायला असू याचा पत्ता नाही. काउंटरवर प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा हा कागद छापून घेतला. घरी नेऊन वाचा. पैसे जो देणार आहे त्यालाही वाचायला द्या आणि मग या.

प्रकार कोणते हे तुम्हाला बहुतेक ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. एका टबाची मिनी मशीन ३ ते साडेचार किलोची येते, एकटा माणूस उचलून दुसऱ्या खोलीत नेतो, चार ते सहा हजारांत मिळते. दोन टबांची सेमी ऑटोमॅटिक साडेसहा-सात किलोची, वजनाला २० किलोच्या आसपास, आठ ते अकरा हजार. वरून उघडणारी फुल्ली ऑटोमॅटिक ३० किलोच्या आसपास, तेरा हजारांपासून पुढे. समोरून उघडणारी फ्रंट लोड ५५ ते ७० किलो भरते. धुते चांगलं, यात वाद नाही. पण दरवर्षी घर बदलणाऱ्याने ती घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे, आमचा नफा त्यात जास्त असला तरी. ती हलवताना ड्रम जाम करणारे बोल्ट मागून पुन्हा लावावे लागतात. ते बोल्ट बहुतेक घरांत पहिल्याच महिन्यात खोक्याबरोबर भंगारात गेलेले असतात.

मिनी मशीनबद्दल जरा सांगतो, कारण मोबाईलवर तिच्या जाहिराती बघून येणारे बरेच असतात. एकटा राहणारा विद्यार्थी, रोजचे दोन शर्ट, एक पँट, आतले कपडे, एवढ्याला ती पुरते. तान्ह्या बाळाच्या दुपट्यांना तर फारच सोयीची. पण पिळण्यासाठी त्याच टबात एक जाळीची टोपली बसवावी लागते, आणि तिच्यात धुतलेल्यापैकी निम्मेच कपडे मावतात. म्हणजे धुणं एकदा, पिळणं दोनदा. सोलापुरी चादर तिच्यात घालू नका, मोटर रडते. बिननावाची स्वस्त मिनी ऑनलाईन मागवली तर टायमर किंवा आतली पाती गेल्यावर तो पार्ट सांगलीत मिळेलच असं नाही. अशा मशीन घेऊन लोक आमच्याकडे येतात, आणि आम्हाला हात जोडावे लागतात.

किलोंचा हिशोब

मशीनवर लिहिलेले किलो हे कोरड्या कपड्यांचे असतात. शर्ट पाव किलोच्या आत-बाहेर, जीन्स सहाशे-सातशे ग्रॅम, अंघोळीचा मोठा टॉवेल अर्धा किलो धरा. दोघांचे दोन दिवसांचे कपडे साडेतीन-चार किलोंच्या वर क्वचित जातात. तरी नवरा-बायको दोघंच असताना "नऊ किलोचीच द्या, पाहुणे येतात" म्हणणारे भेटतात. पाहुणे काही कपडे धुवायला येत नाहीत. आणि टब काठोकाठ भरला की कपडा फिरत नाही, नुसता भिजून बसतो. पाऊण टब भरा, साडेसहा-सात किलोची मशीन चौघांच्या घराला पुरते.

हे झालं किलोंचं. आमचा आणि तुमचा वेळ मात्र किलोंत जात नाही, तो जातो खालच्या गोष्टीत.

पाणी जाणार कुठून?

मशीन घरी पोचते, आमचा माणूस बसवून येतो, आणि दोन-चार दिवसांत फोन येतो, "मशीन खराब आहे, पाणी जात नाही." जाऊन बघावं तर मशीन ठणठणीत. ती ठेवलेली असते गॅलरीत किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, आणि पाईप मोरीच्या कठड्यावरून आत टाकलेला.

आता सेमी ऑटोमॅटिकमध्ये आणि बहुतेक मिनी मशीनमध्ये पाणी ढकलणारा पंप नसतो. नॉब फिरवला की खालची झडप उघडते आणि पाणी आपल्या वजनानेच बाहेर पडतं. पाईप जमिनीलगत, उतरता असेल तरच ते जाणार. चार-पाच इंचांच्या कठड्यावरून पाईप वर चढवला की त्या उंचीच्या खालचं पाणी अडकतं. बरं, ते धुण्याच्या टबातच राहिलं असतं तरी चाललं असतं. पण दोन टबांच्या मशीनमध्ये धुण्याचं आणि पिळण्याचं पाणी खाली एकाच पाईपला मिळतं, त्यामुळे अडकलेलं पाणी मागच्या मागे पिळण्याच्या टबात शिरतं. तुम्ही झाकण लावून स्पिन सुरू करता, टोपली त्या पाण्यात घासत फिरते, वेग घेत नाही, कपडे ओलेच निघतात. चार-सहा महिने असंच चाललं की स्पिनच्या मोटरच्या वरचं रबरी सील जातं आणि पाणी थेट मोटरवर गळतं. मग दुरुस्तीचा खर्च खरोखरच येतो, आणि कंपनी तो वॉरंटीत बसवायला खळखळ करते.

दुसरी तऱ्हा म्हणजे पाईप लांबवणं. मशीनबरोबर येणारा पाईप पुरला नाही की बाजारातून नळीचा तुकडा आणून चिकटपट्टीने जोडतात. मधे पाईपाला पोट पडतं, तिथे गाळ आणि कपड्यांचा लगदा साठतो, आणि मग गाडी पुन्हा पाणी तुंबण्यावर येते. लांब पाईप लागणार असेल तर अखंड घ्या, आम्ही ठेवतो. तो सरळ आणि उतरता जाईल याची खात्री मात्र जागेवरच करावी लागते.

म्हणून दुकानात येण्याआधी एक करा. मशीन जिथे ठेवायची तिथे उभे राहा आणि पाईपाचं टोक कुठे जाईल ते बघा. मग त्या मोरीत दोन बादल्या पाणी एकदम ओता, थेंबथेंब नाही. सेमी मशीनचा टब एका वेळी ३०-४० लिटर पाणी दोन-तीन मिनिटांत सोडतो. गावभागातल्या, खणभागातल्या जुन्या वाड्यांत मोरीचा पाईप अरुंद असतो, जाळीत केस आणि साबणाचा थर बसलेला असतो. तुमच्या दोन बादल्या मोरीबाहेर आल्या तर मशीनचं पाणीही बाहेरच येणार, आणि खाली घरमालक राहत असतील तर पुढचं सांगायला नको. जाळी काढून साफ केली की बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

कठडा आडवा येत असेल तर तीन वाटा आहेत. जागा असेल तर मशीन मोरीतच ठेवा, पण अंघोळीचं पाणी नॉबवर आणि प्लगवर उडणार नाही अशा बाजूला. नाहीतर लोखंडी स्टँड घेऊन मशीन कठड्याच्या उंचीवर चढवा. स्टँड चारी पायांवर पक्का बसणारा हवा. चाकांची ट्रॉली दिसायला छान, पण स्पिन सुरू झालं की मशीन चालायला लागते. तिसरी वाट म्हणजे पंप असलेली फुल्ली ऑटोमॅटिक. पंप असतोच असं नाही, वरून उघडणाऱ्या कित्येक मॉडेलमध्ये तो नसतो. त्यामुळे घेताना "पंप आहे का" हे विचारायचंच, आम्हाला विचारा किंवा दुसऱ्या दुकानात विचारा.

बिल करण्याआधी आम्ही मोरीचा आणि नळाचा फोटो मागतो, त्यावर काही जण हसतात. "टीव्ही घेताना कोणी असं विचारलं नाही," असं एक काका म्हणालेही. टीव्हीला पाणी लागत नाही, काका. एकदा पाणी भरलेली मशीन आम्ही परत घेत नाही, कारण ती पुढच्या ग्राहकाला नवीन म्हणून देणं आमच्याच्याने होत नाही. परत घेत नाही म्हणूनच आधी चौकशी करतो. ती करू दिलीत तर तुमचे पैसे वाचतात, आमच्या टेम्पोची फेरीही वाचते.

नळ

सेमीला आणि मिनीला नळ जवळ नसला तरी बादलीने पाणी घालता येतं, भाड्याच्या घरात हाच त्यांचा मोठा गुण. फुल्ली ऑटोमॅटिकला स्वतःचा नळ लागतो आणि त्याला दाबही लागतो. इथे शेवटच्या मजल्यावरचे भाडेकरू फसतात. टाकी डोक्यावरच आहे, म्हणजे पाणी जोरात येणार असं वाटतं. पण दाब ठरतो टाकीतल्या पाण्यापासून नळापर्यंतच्या उंचीवर, आणि तिथे ती जेमतेम पाच-सहा फूट असते. पहिल्या मजल्यावर तीच मशीन सुरळीत भरते, वर मात्र पाणी भरता भरता थांबते आणि एरर दाखवते. आमचा साधा हिशोब असा: पंधरा लिटरची बादली त्या नळाखाली भरायला तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर कमी दाबावर भरणारं मॉडेल मागा. नाहीतर सेमीच बरी.

पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ येतं. पाईप जिथे मशीनला जोडतो तिथे एक छोटी जाळी असते, ती त्या दिवसांत पंधरा दिवसांनी पक्कडीने ओढून नळाखाली धुवा. बोअरचं पाणी असेल तर फेस कमी येतो म्हणून लोक पावडर वाढवत जातात. फेस नसला तरी ती पावडर कपड्यात आणि टबाखाली बसते. थोडी कमी पावडर आणि एक जास्तीची खळबळ, एवढं पुरतं.

लाईट

सेमी आणि मिनी साध्या तीन पिनच्या सॉकेटवर चालतात, एका खेपेला पाव युनिटसुद्धा लागत नाही. सबमीटरवरून घरमालकांशी बोलणं होतं तेव्हा हे सांगा. गरम पाण्याच्या मशीनला मात्र जाड पिनचं १६ अँपिअरचं सॉकेट हवं. जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं पण आत अर्थिंगची वायर नसते. मशीनला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर वापर लगेच थांबवा आणि वायरमनला बोलवा, मशीन कुठल्याही दुकानातून घेतलेली असो. एक्स्टेंशन बोर्ड मोरीजवळ जमिनीवर ठेवू नका.

घर बदलताना, आणि पुराच्या वेळी

मशीन आडवी करून छोट्या हत्तीत टाकू नका. पाणी पूर्ण सोडा, पिळण्याच्या टबात जुनं ब्लँकेट कोंबा, वायर आणि पाईप टेपने पाठीला चिकटवा, आणि मशीन उभीच न्या. नव्या घरात पाय फिरवून ती चारी बाजूंनी समतल केली की धडधड थांबते. पाटावर किंवा विटांवर ठेवलेली मशीन थांबत नाही, आणि वरच्या-खालच्या मजल्यावरून तक्रार येते.

नदीकाठच्या भागात तळमजल्यावर राहत असाल तर हलकी मशीन घेण्याला आणखी एक कारण आहे. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. सेमी दोघं जण जिन्याने वर नेतात, फ्रंट लोड राहते तिथेच. पुराच्या पाण्यात गेलेली मशीन वाळली म्हणून चालू करून बघू नका, आधी मेकॅनिकला उघडू द्या.

आमच्याकडे येताना मोरीचा आणि नळाचा फोटो, दाराची आणि मशीनच्या जागेची रुंदी एवढं आणा. सेमीला अडीच फुटांच्या थोडी वर रुंदी लागते. फुल्ली ऑटोमॅटिक दोन फुटांच्या आत बसते, हे पुष्कळांना बघूनही खरं वाटत नाही, म्हणून दुकानात टेप ठेवली आहे. ऑनलाईन भावाशी तुलना जरूर करा. आमच्या किमतीत घरपोच आणणं, दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवणं, नळाला बसणारा अडॅप्टर आणि पहिलं धुणं समोर करून दाखवणं धरलेलं आहे. तिसऱ्या मजल्यापासून हमालीचं आधी बोलून घेऊ. जुनी मशीन बदलून द्यायची असेल तर ती चालू असताना दाखवा, भाव बरा येतो.

तक्रारीसाठी फोन कराल तेव्हा बिल हाताशी ठेवा आणि पाईप कुठून कुठे गेलाय त्याचा फोटो आधी पाठवा. दुकान दुपारी दीड ते चार बंद असतं.